नानकिंगच्या मास्तरीणबाई

देव आनंदचा ‘गाईड’ आपल्यापैकी अनेकांनी दोन-तीनदा तरी पाहिला असेल. त्याच कथेवर १९६५ साली एक इंग्रजी चित्रपटही निघाला होता आणि त्याची पटकथा लिहिण्यात नोबेल पारितोषिक मिळवलेल्या एका अमेरिकन लेखिकेचा मोठा वाटा होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. इंग्रजी ‘गाईड’ कुणाला फारसा आवडला नाही. आपल्याकडे तो विसरला गेला, तिकडेही विसरला गेला. लेखिका होती पर्ल बक. ‘द गुड अर्थ’ या तिच्या कादंबरीचं नाव आमच्या पिढीतल्या वाचनालयात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पण आज मला लिहायचं आहे ते नोबेलवाल्या पर्ल बकबद्दल नाही. चीनमधल्या एका शहरात रोज सकाळी घरातलं आवरून कॉलेजात इंग्रजी शिकवायला जाणारी, घरी म्हातारे वडील, कामात बुडालेला नवरा आणि एक आजारी मुलगी असलेली मास्तरीणबाई मला जास्त जवळची वाटते. पुढचं सगळं त्या घरातूनच आलं.

पर्लचा जन्म २६ जून १८९२चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा. पण जन्म तिकडे झाला एवढंच. काही महिन्यांची असतानाच आईवडील तिला घेऊन चीनला परतले. वडील अब्सलॉम सायडनस्ट्रिकर हे मिशनरी. महिनोन् महिने खेड्यापाड्यांतून फिरणारे, बायबलचं चिनी बोलीत भाषांतर करण्याचं वेड घेतलेले. ते भाषांतर छापायला लागणारा पैसा घरखर्चातून जायचा. आई कॅरी संसार रेटायची आणि मनातून कुढायची. परक्या हवेत, परक्या रोगांत तिची चार मुलं गेली. नवऱ्याने आत्मे वाचवायचे आणि बायकोने मुलं पुरायची, असं काहीसं ते घर होतं. पर्लने पुढे दोघांचीही चरित्रं लिहिली. वडिलांवर लिहिताना ती न्यायाने वागली आहे. आईवर लिहिताना न्यायाचा प्रश्नच आला नाही.

त्यांचं बिऱ्हाड यांगत्से नदीकाठच्या चिनक्यांग गावात होतं. मुलीला सांभाळायला वांग नावाची चिनी आमा होती. आमा म्हणजे दाई. स्वयंपाकघरात तिच्याशी चिनी बोलायचं आणि दिवाणखान्यात आईशी इंग्रजी. पर्ल चिनी आधी बोलायला लागली. कुंग नावाचे कन्फ्यूशियसच्या परंपरेतले एक वृद्ध गुरुजी तिला चिनी लिहा-वाचायला शिकवायचे. १९०५ साली ते पटकीने गेले. घरामागच्या टेकडीवर खेळताना तिला कधीकधी टाकून दिलेल्या तान्ह्या मुलींची हाडं सापडत. ती मुलगी कुणालाही न सांगता ती मातीत पुरून टाकी. एवढ्या लहान वयात असं काही पाहिलेलं मूल पुढे गोड गोष्टी लिहील, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

१९०० साली बॉक्सरांचं बंड झालं. परदेशी माणसांच्या कत्तली सुरू झाल्या. कॅरी मुलांना घेऊन शांघायला गेली आणि वडील एकटेच कामावर राहिले. आपल्याला इथलं समजणं आणि आपण इथलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पर्लला आठव्या वर्षी कळलं.

अमेरिकेत कॉलेजचं शिक्षण घेऊन ती १९१४ साली परतली ती आईच्या आजारपणामुळे. चिनक्यांगमध्येच ती मुलांच्या शाळेत शिकवू लागली. १९१७ साली तिचं लग्न जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी झालं आणि दोघं उत्तर आन्ह्वेमधल्या नानशूचौ या तटबंदीच्या गावी राहायला गेली. सपाट, कोरडा मुलूख. वावटळी सुटल्या की घरात, अन्नात, अंथरुणात धूळच धूळ. लॉसिंग गावोगाव फिरून शेतकऱ्यांना किती बी पेरलं, किती पिकलं, देणं किती, हे विचारायचा. पर्ल बायकांच्या आतल्या खोल्यांत जाऊन बसायची. त्या तिला मुलं किती, नवरा मारतो का, सासू कशी आहे, हे विचारायच्या. तीही त्यांना विचारायची. माहिती दोघांनीही गोळा केली. त्याची आकड्यांत मांडली गेली, तिची कित्येक वर्षं तशीच पडून राहिली.

लॉसिंग बकला मी कमी लेखणार नाही. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचं काम पाहून आदरच वाटतो. त्याच्या ‘चायनीज फार्म इकॉनॉमी’ या पुस्तकासाठी सात प्रांतांतल्या २,८६६ शेतांची पाहणी झाली होती. पुढच्या ग्रंथात तर १६,७८६ शेतं आहेत. चिनी शेतकऱ्याकडे जमीन किती, कर्ज किती, खातो काय, याचा एवढा मोठा हिशेब त्याआधी कुणी मांडला नव्हता. कागदपत्रांचं भाषांतर, लिखाणाची साफसफाई यात पर्लचे कष्ट होते. पण हा माणूस आकड्यांत असा बुडालेला असायचा, की घरात काय चाललंय हे त्याला बरेचदा घरातल्यांनीच सांगावं लागायचं. अशी माणसं मी कचेरीतही पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आरशातही.

१९२०च्या सुमारास ती दोघं नानकिंगला आली. आजचं नानजिंग. लॉसिंग तिथल्या विद्यापीठात शेतीचं अर्थशास्त्र शिकवू लागला. राहायला विटांचं मोठं घर मिळालं. भोवती बाग, कामाला स्वयंपाकी, माळी, आमा. पर्लही इंग्रजी साहित्य शिकवू लागली. आधी मिशनच्या विद्यापीठात, पुढे सरकारी विद्यापीठात. सरकारी विद्यापीठातली मुलं तिला जास्त आवडायची. मिशनच्या विद्यापीठातली बरीच मुलं खात्यापित्या घरची, इंग्रजी आधीच सफाईनं बोलणारी. सरकारी विद्यापीठातली गरीब, शिकण्याला भुकेलेली. हिवाळ्यात वर्ग गारठलेले असत, शेकोटीची सोय नसे. मुलं आणि बाई दोघंही अंगावर असतील नसतील तेवढे कपडे चढवून बसत. चीनमध्ये तेव्हा बोलीभाषेत लिहिण्याची नवी चळवळ जोरात होती. जुन्या ग्रंथांची भाषा सोडून लोक बोलतात तसं लिहावं, असं तरुण म्हणत होते. जुन्या चिनी कादंबऱ्या लहानपणापासून वाचलेल्या या परदेशी बाईंना ती चळवळ वर्गातच बघायला मिळत होती.

याच वर्षी, ४ मार्च १९२० रोजी, तिची मुलगी कॅरॉल जन्मली. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, बघणाऱ्याने कौतुक करावं अशी. बाळंतपणानंतर पर्लच्या गर्भाशयात गाठ सापडली. शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जावं लागलं. पुन्हा मूल होणार नव्हतं. पुढच्या वर्षी आई गेली आणि वडील मुलीकडे राहायला आले. सत्तरीला टेकलेले सासरे, जावई आणि मध्ये लेक. अशा घरातलं वातावरण कसं असतं, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

कॅरॉल वाढत होती, पण बोलत नव्हती. आई मनाची समजूत घालत होती. मुलं उशिरा बोलतात, आपलीही बोलेल. शेजारपाजारच्या चिनी बायकांनी त्या मुलीला आहे तशी स्वीकारलं होतं. माणसात काही उणं असेल तर ते उघड बोलायचं आणि मग त्याच्यासकट त्याला घरातलं मानायचं, ही तिथली रीत. जखम झाली ती आपल्याच लोकांकडून. शांघायच्या रस्त्यावर मुलीचा हात धरून चालताना समोरून आलेल्या दोन अमेरिकन तरुणींपैकी एकीने कॅरॉलकडे पाहून ती वेडी असल्याचं दुसरीला सांगितलं. पर्लने ते ऐकलं. तो क्षण ती आयुष्यभर विसरली नाही. त्यानंतर तिने परक्या लोकांपासून मुलीला दडवायला सुरुवात केली.

१९२४ साली रजेवर अमेरिकेला गेल्यावर डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. शेवटी मेयो क्लिनिक. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की कारण समजत नाही. आशा अगदीच नाही असंही म्हणवत नाही. ती बाहेर पडली तेव्हा आतल्या एका दालनात थांबलेल्या एका लहानखुऱ्या डॉक्टरने तिला बाजूला घेतलं. बोलण्यात जर्मन ढब. त्याने स्पष्ट सांगितलं, की ही मुलगी कधीच सुधारणार नाही. तिच्यापायी स्वतःचं आयुष्य आणि घरातला पैसा संपवू नका. ती सुखात राहील अशी जागा शोधा, तिला तिथे ठेवा आणि आपलं जगणं जगा. पर्लने पुढे लिहिलं आहे, की त्या माणसाचं नावही तिला कधी कळलं नाही, पण त्या दिवशी तिच्याशी खरं बोललेला तो एकटाच. खोटी आशा देणारे डॉक्टर दयाळू दिसतात. त्यांची दया आईबापांना फार महाग पडते.

त्याच मुक्कामात तिने कॉर्नेल विद्यापीठातून एम. ए. केलं, निबंधाचं एक बक्षीस मिळवलं आणि अनाथालयातून काही महिन्यांची एक मुलगी दत्तक घेतली. तिचं नाव जॅनिस. चौघं नानकिंगला परत आली.

मग पर्लने ठरवलं, की आपण शिक्षिका आहोत, आपल्या मुलीला आपणच शिकवायचं. कितीतरी महिने ती रोज कॅरॉलला घेऊन बसली. पोरीला थोडी अक्षरं येऊ लागली, लहान वाक्यं वाचता येऊ लागली. एके दिवशी लिहायला शिकवताना पर्लने तिचा हात आपल्या हातात घेतला. तो घामाने ओलाचिंब होता. मूठ उघडून पाहिली तर तळवा भिजलेला. मुलीला त्या अक्षरांत काडीचा रस नव्हता, त्यांचा अर्थही तिला कळत नव्हता. आईला बरं वाटावं म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. पर्लने पुस्तकं मिटली आणि ती पुन्हा कधीच काढली नाहीत.

दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या आयुष्यातला हा प्रसंग मला तिच्या नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

२४ मार्च १९२७. राष्ट्रवादी सैन्य नानकिंगमध्ये शिरलं आणि परदेशी लोकांवर हल्ले सुरू झाले. विद्यापीठाचे उपाध्यक्ष विल्यम्स यांना सैनिकांनी गोळी घातल्याची बातमी सकाळीच बकांच्या घरी आली. जायचं कुठे? अशा वेळी लू नावाची एक गरीब बाई धावत आली. पूर्वी पर्लने तिला अडचणीत आसरा दिला होता. घरामागच्या वस्तीत तिची एका खोलीची झोपडी होती. त्या खिडकीही धड नसलेल्या खोलीत आठ माणसं दिवसभर कोंडून राहिली. म्हातारे वडील, पर्ल, लॉसिंग, दोन मुली, बहीण ग्रेस, तिचा नवरा आणि त्यांचं मूल. बाहेर लुटालूट, आरडाओरडा. दुपारी नदीतल्या युद्धनौकांनी तोफा डागल्या. कॅरॉल सात वर्षांची होती. तिला गप्प राहा म्हणजे काय हे समजावून सांगता येत नव्हतं, आणि एका किंकाळीने सगळ्यांचा जीव गेला असता. बाहेर त्यांचे चिनी मित्र आणि नोकर अधिकाऱ्यांशी बोलून त्यांच्या प्राणांसाठी रदबदली करत होते. मृत्यू समोर दिसत असताना परदेशी लोकांनी इथे काय करून ठेवलं, याचा विचार तिच्या मनात होता, असं तिने नंतर लिहिलं आहे. सैनिकांवर तिचा राग नव्हता. तोफांचा धाक दाखवून या देशाकडून सवलती लिहून घेणाऱ्या गोऱ्या सत्तांचा हिशेब आज आपल्याकडून वसूल होतोय, असं तिला वाटलं होतं.

ती वाचली. घर लुटलं गेलं. तिच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित गेलं. भिंतीतल्या कपाटात ठेवलेलं आईच्या चरित्राचं बाड मात्र कुणाच्या हाती लागलं नाही. पुढे काही महिने जपानमधल्या डोंगरात, मग शांघायला इतर कुटुंबांबरोबर एका घरात, असे दिवस काढून १९२८च्या उन्हाळ्यात ती नानकिंगला परतली. शांघायच्या मुक्कामातच एका पुस्तकाच्या दुकानात लेखकांसाठीची मार्गदर्शिका चाळताना तिला डेव्हिड लॉइड या एजंटाचा पत्ता मिळाला होता. एक गोष्ट पूर्वी मासिकात आली होती. तिची कादंबरी करून तिने त्याच्याकडे पाठवली. लिहायचं कारण आता अगदी साधं होतं. पैसा हवा होता.

कारण पर्लला रात्री झोपू न देणारा प्रश्न एकच होता. माझ्यामागे हिचं काय? मी एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना एक शिक्षक दर महिन्याला पगाराच्या दिवशी येत. सोबत वीस-बावीस वर्षांची मुलगी. ती काउंटरला हात लावून हसत उभी असे. तिच्या नावाने ते थोडे थोडे पैसे साठवत आणि दर वेळी मला विचारत, की साहेब, मी गेल्यावर ही सही कशी करणार? बँकेच्या नियमांत याला उत्तरं होती. मी ती सांगत असे, ते ऐकून घेत असत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारत असत. पर्ल बकच्या आयुष्याबद्दल वाचताना मला ते गुरुजी आठवत राहतात.

१९२९ साली पुन्हा अमेरिका. संस्था पाहत फिरताना काही ठिकाणी तिला गोणपाटासारखे कपडे घालून रांगेने बाकांवर बसवलेली मुलं दिसली. शेवटी न्यू जर्सीतलं व्हाइनलँडचं ट्रेनिंग स्कूल तिला पटलं. मुलं तिथे हसत होती. पण खर्च प्राध्यापकाच्या पगाराबाहेरचा. तेव्हा मिशन मंडळावरच्या एका बाईंनी तिला २,००० डॉलर उसने दिले. दोन वर्षांची तजवीज झाली. मी हयातीत हजारो कर्जप्रकरणं हाताळली. त्या बाईंपुढे अर्ज आला असता तर तारण काय, असं मी विचारलं असतं. तारण काहीच नव्हतं. नानकिंगला एक घर, तेही विद्यापीठाचं. एक कादंबरी, तीही प्रकाशकामागून प्रकाशक परत पाठवत होते. ती ‘जॉन डे’ या लहान कंपनीच्या रिचर्ड वॉल्श यांनी स्वीकारली, पण त्यावर मोठा पैसा मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

नऊ वर्षांच्या कॅरॉलला तिथे ठेवून पर्ल जॅनिसला घेऊन परतली. नानकिंगचं घर तिला खायला उठलं. जिच्यासाठी दिवसाचा प्रत्येक तास बांधलेला होता ती मुलगीच घरात नव्हती. हिशेब स्पष्ट होता: दोन वर्षांत पैसे उभे करायचे. १९३०च्या वसंतात माळ्यावरची खोली तिने झाडून घेतली. खिडकीतून जांभळा डोंगर दिसायचा. तिथे टंकयंत्र मांडलं. सकाळी घरातलं आवरायचं आणि माळ्यावर जायचं. इंग्रजी लिहिताना वाक्यं मनात चिनीत उमटायची. सुमारे तीन महिन्यांत कादंबरी झाली. मग सगळी पुन्हा स्वतः टंकली आणि पाठवून दिली. नाव ठेवलं होतं नायकाचं, ‘वांग लुंग’. इंग्रजीत ते एक फुप्फुस असल्यासारखं ऐकू येतं, म्हणून वॉल्श यांनी ते बदलून ‘द गुड अर्थ’ केलं.

ती कादंबरी आहे नानशूचौच्या शेतकऱ्याची. लॉसिंगने ज्यांची शेतं मोजली आणि पर्ल ज्यांच्या बायकांशेजारी बसली, त्या माणसांची. दुष्काळ, जमिनीची हाव, सावकारी, आणि ओ-लान ही कष्टानं झिजणारी, फार न बोलणारी बायको. त्या घरात एक मुलगीही आहे, मोठी होऊनही लहानच राहिलेली. बाप तिला कधी टाकत नाही, आणि आपल्यामागे हिचं काय, ही काळजी त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. १९३१च्या मार्चमध्ये पुस्तक निघालं तेव्हा लाखो वाचकांनी ती मुलगी वाचली. लेखिकेच्या घरची ती कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुस्तक तुफान खपलं. १९३२चं पुलित्झर मिळालं. उसने डॉलर फिटले, आणि कॅरॉलच्या आजन्म देखभालीची तरतूद पर्लने करून टाकली. वडिलांनी मात्र लेकीची कादंबरी हातात घेऊन पाहिली आणि आपल्याच्याने ही वाचून होईलसं वाटत नाही, असं म्हणून ती परत दिली. १९३१च्याच ऑगस्टमध्ये, यांगत्सेच्या महापुराच्या दिवसांत, ते गेले. काही चिनी विद्वानही नाराज झाले. आमच्या देशाची हजारो वर्षांची संस्कृती सोडून या परदेशी बाईला अडाणी शेतकरीच दिसले का, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडेही असं म्हणणारे आहेत. भुकेलेल्या माणसाबद्दल लिहिलं, की पोट भरलेल्यांची अब्रू जाते.

पुढचं भराभर घडलं. तिने ‘शुइ हू’ या प्रचंड चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद १९३३ साली प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांच्या अहंकारावर न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे बोलल्यामुळे वादळ उठलं आणि तिने मिशनचा राजीनामा दिला. १९३४ साली तिने चीन सोडला. १९३५मध्ये लॉसिंगशी घटस्फोट झाला आणि त्याच दिवशी वॉल्श यांच्याशी लग्न. १९३८ साली नोबेल. वॉल्श पतिपत्नींनी अमेरिकेत भारताच्या स्वातंत्र्याची बाजू हिरिरीने मांडली, नेहरूंचं आत्मचरित्र तिथे त्यांच्याच कंपनीने छापलं. १९४९ साली आशियाई आणि मिश्रवंशीय अनाथ मुलांना घरं मिळवून देण्यासाठी तिने ‘वेलकम हाउस’ काढलं. ती मुलं कोणत्याच संस्थेला नको होती.

कॅरॉलचं गुपित तिने १९५०पर्यंत सांभाळलं. मग एका मासिकात आणि पुढे छोट्या पुस्तकात तिने ते स्वतःच सांगून टाकलं. जगभरातून आईबापांची पत्रं आली. आमच्याही घरात एक आहे, आम्हीही लपवून ठेवलं आहे, असं सांगणारी.

कॅरॉलला काय झालं होतं, हे तोवर विज्ञानाला कळू लागलं होतं. १९३४ साली नॉर्वेच्या डॉ. फॉलिंग यांनी तो विकार ओळखला. दोन मतिमंद मुलांची आई त्यांच्याकडे आली होती. मुलांच्या लघवीला वेगळाच वास का येतो, हे ती डॉक्टरांमागून डॉक्टरांना विचारत फिरली होती. फॉलिंग यांनी ती तपासली. अन्नातल्या प्रथिनांमधला फिनिलॅलनिन हा घटक या मुलांच्या शरीरात पचत नाही, साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. आई आणि बाप दोघांकडूनही तो दोष आला तरच मुलाला हा विकार होतो, आईबाप स्वतः धडधाकट असतात. या विकाराला पी.के.यू. म्हणतात. १९५०च्या दशकात त्यावरचा पथ्याचा आहार निघाला आणि १९६०च्या दशकात जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होऊ लागली. वेळीच पथ्य सुरू केलं तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. एवढं सगळं एका रक्ताच्या थेंबात आणि ताटात काय वाढायचं यात होतं. आणि १९२०च्या दशकात एक आई अक्षरांची पुस्तकं घेऊन बसली होती.

१९७२ साली अमेरिकेचे आणि चीनचे संबंध जुळू लागले. ऐंशी वर्षांच्या पर्लने चीनला जाण्यासाठी खूप खटपट केली. चीनने प्रवेश नाकारला. तिच्या लेखनात नव्या चीनची बदनामी आहे, असं कारण दिलं. आईची कबर चिनक्यांगला होती, ती पुन्हा पाहता आली नाही. ६ मार्च १९७३ रोजी पर्ल गेली. पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या शेतावर तिला पुरलं. समाधीच्या दगडावर तिचं इंग्रजी नाव नाही. चिनी अक्षरं आहेत: साइ चेन-चू. चेन-चू म्हणजे मोती.

नानजिंगच्या विद्यापीठाने तिचं विटांचं घर २०१२ साली स्मारक म्हणून उघडलं. कॅरॉल आईमागे एकोणीस वर्षं जगली. व्हाइनलँडलाच, आईने बांधून दिलेल्या घराच्या आवारात. तिला संगीताचं वेड होतं, तबकड्या लावून ती तासन् तास ऐकत बसायची. १९९२ साली, बहात्तराव्या वर्षी ती गेली. तोवर तिच्या खर्चाचा प्रश्न कधी आला नाही.